इवो जिमाहून घरी

१९४४ सालच्या जूनमध्ये जपानी सैन्याचे लेफ्टनंट जनरल तादामिची कुरिबायाशी टोकियोतलं घर सोडून पॅसिफिक महासागरातल्या इवो जिमा बेटावर रुजू झाले. वय बावन्न. घरी बायको, एक मुलगा, दोन मुली. या बेटावरून आपण परत येत नाही हे ते ओळखून होते आणि बायकोला त्यांनी तसं आडपडदा न ठेवता कळवलंही. माझी वाट पाहू नका, अस्थीसुद्धा हाती लागतील असं धरून चालू नका, असं लिहिलं. पण त्याच पत्रांत त्यांना आणखी एका गोष्टीची चुटपुट लागलेली दिसते. घरातल्या स्वयंपाकघराच्या लाकडी जमिनीच्या फटींतून थंडीचा गार वारा वर यायचा. ते काम निघण्याआधी करून द्यायचं राहून गेलं होतं. वीस हजार माणसांचा सेनापती मरणाच्या दारात बसून बायकोला त्या फटी कशा बुजवायच्या हे सविस्तर समजावून सांगतो.

हे वाचलं आणि मी या माणसाच्या मागे लागलो. कारण मी पोस्टातला माणूस आहे आणि अशी पत्रं माझ्या हातून गेली आहेत.

सातारा जिल्ह्यातल्या कोरेगाव तालुक्यात मी पोस्टमन म्हणून लागलो. पुढे खात्याची परीक्षा देऊन क्लार्क झालो आणि तिथून डेप्युटेशनवर आर्मी पोस्टल सर्व्हिसमध्ये गेलो. आमचं ट्रेनिंग नागपूरजवळ कामठीला झालं. लष्कराच्या टपालात ठिकाणाचं नाव कुठेच नसतं. जवानाचा नंबर, हुद्दा, नाव, त्याचं युनिट आणि शेवटी ‘केअर ऑफ ५६ एपीओ’ किंवा ‘९९ एपीओ’, एवढाच पत्ता. युनिट आज कुठल्या डोंगरावर आहे हे टपालखात्याच्या आतल्या माणसांना ठाऊक, बाहेर कोणाला नाही. आमच्याकडच्या म्हाताऱ्यांना छप्पन एपीओ हे एखाद्या गावाचं नाव वाटायचं. ‘माझा थोरला छप्पनला असतो,’ असं त्या सांगायच्या.

पोस्टमन होतो तेव्हा पत्र नुसतं देऊन भागत नसे. ओट्यावर बसून वाचून दाखवावं लागे. ‘तीर्थरूप आईस शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष. इकडील सर्व क्षेम आहे.’ त्यानंतर विहिरीला पाणी किती आहे, म्हशीला रेडी झाली की रेडा, सोसायटीचं कर्ज किती फिटलं, गोठ्यावरचा पत्रा गळतोय तो पावसाच्या आत बदलून घ्या, धाकटीची शाळा बंद करू नका. मनिऑर्डरच्या कुपनावर इवलीशी जागा असायची, तीही अशाच गोष्टींनी भरलेली. थंडीविषयी फार तर ‘इकडे थंडी बरी आहे’. पुढे मी स्वतः वर गेलो, ती ‘बरी’ थंडी पाहिली. शाईचं पेन खिशात गोठायचं, म्हणून मुलं पेन्सिलीने लिहायची. हे त्यातल्या एकानेही घरी कळवलेलं मी वाचलं नव्हतं.

म्हणून क्लिंट ईस्टवूड या अमेरिकन दिग्दर्शकाचा ‘लेटर्स फ्रॉम इवो जिमा’ हा २००६ सालचा चित्रपट मुलाने लॅपटॉपवर लावून दिला तेव्हा मी तो जरा वेगळ्या कुतूहलाने पाहिला. सैनिकांच्या पत्रांवरून युद्धपट कसा होतो, हा माझा प्रश्न होता. पत्रात तर युद्ध नसतंच.

आधी बेटाविषयी. इवो जिमा म्हणजे गंधकाचं बेट. टोकियोपासून दक्षिणेला सुमारे १२०० किलोमीटर. क्षेत्रफळ अवघं २१ चौरस किलोमीटर, म्हणजे एखाद्या मोठ्या गावाच्या शिवाराएवढं. दक्षिण टोकाला सुरीबाची नावाचा ज्वालामुखीचा डोंगर, उंची १६९ मीटर. काळी सैल वाळू, जमिनीतून निघणारी गंधकाची वाफ. नदी नाही, ओढा नाही. पावसाचं पाणी साठवायचं आणि पुरवून प्यायचं. या ओसाड तुकड्याला किंमत आली ती तिथल्या विमानांच्या धावपट्ट्यांमुळे. जपानवर बॉम्ब टाकणारी अमेरिकन विमानं मारियाना बेटांवरून उडत आणि इवो जिमा त्यांच्या वाटेवर बरोबर मध्यावर होतं.

कुरिबायाशींनी आल्या आल्या बेट पायी पालथं घातलं. तिथल्या सुमारे हजारभर रहिवाशांना जपानच्या मुख्य भूमीवर हलवलं. किनाऱ्यावरच शत्रूला अडवायचं, ही जपानी सैन्याची जुनी रीत त्यांनी मोडली आणि माणसांना जमिनीच्या पोटात नेलं. सुमारे १८ किलोमीटर लांबीचे बोगदे बहुतेक हातांनी, कुदळी-फावड्यांनी खणले गेले. खाली इतकी उष्णता आणि धूर की माणसं थोडा वेळ खणत आणि बाहेर येत. ‘बान्झाई’ ओरडत अंगावर धावून जाऊन एकगठ्ठा मरायचं, याला त्यांनी मनाई केली. कारण त्यांना दिवस काढायचे होते. हे बेट जितके दिवस टिकेल तितके दिवस टोकियोवरच्या विमानहल्ल्यांना उशीर होईल, हा हिशोब होता. आणि टोकियोत त्यांचं घर होतं.

१९ फेब्रुवारी १९४५ रोजी अमेरिकन मरीन सैनिक किनाऱ्यावर उतरले. थोड्या दिवसांत संपेल असं वाटलेली लढाई २६ मार्चपर्यंत चालली. अमेरिकेचे सुमारे ६८०० लोक मेले, १९ हजारांहून अधिक जखमी झाले. बेटावरच्या सुमारे २१ हजार जपान्यांपैकी हजारभरच वाचले. चौथ्या-पाचव्या दिवशी सुरीबाचीवर झेंडा उभारतानाचं जो रोझेंथल यांचं छायाचित्र जगभर गेलं. बहुतेकांना इवो जिमा ठाऊक आहे ते त्या एका छायाचित्रामुळे.

त्या छायाचित्रातल्या मरीन सैनिकांवर ईस्टवूड आधी एक चित्रपट करत होते, ‘फ्लॅग्ज ऑफ अवर फादर्स’. त्याची तयारी करताना समोरच्या बाजूला कोण होतं याचा शोध त्यांनी घेतला आणि कुरिबायाशींची पत्रं त्यांच्या हाती पडली. जपानमध्ये त्या पत्रांचं पुस्तक निघालं होतं. त्सुयुको योशिदा यांनी संपादित केलेलं, सचित्र पत्रांचं. ती चित्रं युद्धातली नाहीत. १९२८च्या सुमारास कुरिबायाशी लष्करी कामावर अमेरिकेत होते. घरी लहानग्या तारोला अजून वाचता येत नव्हतं, म्हणून बाप त्याला चित्रं काढून पाठवायचा: अमेरिकेतले रस्ते, मोटारी, आणि त्यात कुठेतरी स्वतः. पुढे जो देश त्यांना मारायला आला, त्याची चित्रं त्यांनी मुलासाठी प्रेमाने काढलेली होती. ईस्टवूड यांना पहिल्या चित्रपटाच्या जोडीला दुसरा करावासा वाटला तो या माणसापायी, यात मला नवल वाटत नाही.

आयरिस यामाशिता या जपानी वंशाच्या अमेरिकन लेखिकेने पटकथा लिहिली. कथेत पॉल हॅगिस यांचा हात होता. लिखाण इंग्रजीत झालं, मग ते जपानीत नेलं आणि जवळजवळ सगळा चित्रपट जपानी भाषेत झाला. अमेरिकन दिग्दर्शकाने, अमेरिकन पैशाने, अमेरिकेच्या जुन्या शत्रूच्या भाषेत. तो अमेरिकेपेक्षा जपानमध्ये कितीतरी जास्त चालला. ऑस्करसाठी उत्कृष्ट चित्रपटासह चार नामांकनं मिळाली, बक्षीस ध्वनिसंपादनाला मिळालं.

आता माझा प्रश्न. पुस्तकात पत्रं आहेत ती सेनापतीची. जपला गेला तो सेनापतीचा शब्द. त्याच्या हाताखालच्या शिपायांची पत्रं घरोघर विखुरली, काही बॉम्बहल्ल्यांत घरांसकट जळाली. चित्रपटात मात्र सगळ्यांत जास्त पत्रं लिहितो तो सायगो नावाचा साधा शिपाई. हा सायगो कल्पित आहे. गावात त्याची बेकरी. युद्धासाठी म्हणून सरकारी माणसं आधी पाव उचलून नेतात, मग भांडी, आणि धंदाच बसतो. बायको हानाको गरोदर असताना भरतीचा कागद येतो. तो तिच्या पोटाशी तोंड नेऊन न जन्मलेल्या बाळाला हळूच सांगतो, की मी परत येईन. शेजारणी तर त्याच्या भाग्याचं कौतुक करून गेलेल्या, म्हणून ते हळूच सांगायचं. काझुनारी निनोमिया या तरुण नटाने हे काम केलं आहे. सेनापती झाले आहेत केन वातानाबे.

लेखिकेची युक्ती मला इथे दिसली. जनरलसाहेबांच्या पत्रातला स्वर, म्हणजे ती फटींची काळजी, बायकोच्या हातांची काळजी, तिने तो पुरा वेचला आणि त्यातला निम्मा एका बेकरीवाल्याला दिला. ज्यांची पत्रं उरली नाहीत त्यांना उरलेल्या पत्रातून आवाज दिला. ही बनवाबनवी आहे असं कोणी म्हणेल. मी हजारो पत्रं हाताळली आहेत. हुद्दा बदलला म्हणून पत्रातला मजकूर बदलतो असं मला कधी दिसलं नाही. सुभेदाराला पत्र्याची काळजी, तशीच शिपायाला. म्हणून मला ते खरं वाटलं.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. बेटावरून टपाल जायचं ते विमानाने, आणि अमेरिकन सैन्य उतरल्यावर ते बंद झालं. म्हणजे जी पत्रं घरोघर पोहोचली ती सगळी लढाईच्या आधीची. प्रत्यक्ष लढाईतलं एकही पत्र टपालाने कुणाच्या घरी गेलेलं नाही. चित्रपटाचा उत्तरार्ध या रिकाम्या जागेत घडतो. माणसं लिहीतच राहतात. पोस्ट नाही, विमान नाही, तरी लिहितात. ती न गेलेली पत्रं एका थैलीत साठतात. टपालात काम केलेल्या माणसाला त्या थैलीकडे बघवत नाही. शेवटी ती जाळून टाकायचा हुकूम येतो आणि सायगो जाळण्याऐवजी पुरतो. २००५ साली गुहेची जमीन उकरताना ती सापडते, अशी चित्रपटाची चौकट आहे. ही थैली कल्पित आहे, पण पत्र न पोहोचणं कल्पित नाही.

पत्राची वाट बंद झाल्यावर कुरिबायाशींकडे उरली वायरलेस. मार्चमध्ये त्यांनी टोकियोला निरोपाचा संदेश धाडला. हाती काही नसताना माझी माणसं लढली, अशा अर्थाचं त्यात होतं. कुमिको काकेहाशी या जपानी लेखिकेने या साऱ्यावर मोठ्या मेहनतीने पुस्तक लिहिलं आहे. वर्तमानपत्रांकडे जाण्यापूर्वी त्या संदेशात वरिष्ठांनी फेरफार कसे केले, हे त्यात तिने दाखवलं आहे. घरी लिहिताना जे मनातलं मोकळेपणी लिहिता आलं, ते सरकारला लिहिलं तेव्हा बदललं गेलं.

चित्रपटातला एक प्रसंग मी कितीदा तरी मागे नेऊन पाहिला. ताकेइची निशी नावाचे एक सरदार घराण्यातले अधिकारी त्या बेटावर होते. हे खरे गृहस्थ. १९३२च्या लॉस एंजलिस ऑलिंपिकमध्ये युरेनस नावाच्या घोड्यावर त्यांनी अडथळे ओलांडण्याच्या स्पर्धेत सुवर्णपदक मिळवलं होतं. चित्रपटात एक जखमी अमेरिकन पोरगा त्यांच्या गुहेत आणला जातो. माणसं त्याला संपवायला निघतात, निशी त्याच्यावर उपचार करायला लावतात. दोघं इंग्रजीत बोलतात. पोरगा रात्री मरतो. त्याच्या हातात आईचं पत्र असतं, ते निशी आपल्या शिपायांना जपानीत वाचून दाखवतात. आईने लिहिलंय काय? कुत्र्यांनी कुंपणाखालून खड्डा पाडला आणि ते शेजारी जाऊन धुडगूस घालून आले. मग एक सांगणं, की जे बरोबर आहे ते कर, बरोबर आहे म्हणून कर. शिपाई ऐकता ऐकता उठून उभे राहतात. त्यातला एक नंतर म्हणतो, की माझ्या आईचे शब्दही हेच होते.

एवढंच. त्यात रणवाद्य नाही, झेंडा नाही. पण ओट्यावर बसून पत्रं वाचताना मी जे वर्षानुवर्षं पाहिलं ते इथे होतं. एकाच्या घरचं पत्र वाचायला लागलो की शेजारच्या चार बायका पदर सावरत येऊन बसायच्या. त्यांचा मुलगा नाही, त्यांचं पत्र नाही. तरी ऐकायच्या.

हे मनापासून म्हणतो, आणि तरीही एक गोष्ट टोचते ती लिहिली पाहिजे. चित्रपट जनरलसाहेबांवर इतकं प्रेम करायला लावतो, की त्यांच्या आयुष्याचा एक भाग नजरेआड होतो. डिसेंबर १९४१ मध्ये जपानने हाँगकाँगवर हल्ला केला तेव्हा हल्ला करणाऱ्या सैन्याचे चीफ ऑफ स्टाफ हेच कुरिबायाशी होते. हाँगकाँगचं रक्षण करणाऱ्यांत हिंदुस्थानी पलटणी होत्या, सातव्या राजपूत रेजिमेंटची पाचवी आणि चौदाव्या पंजाब रेजिमेंटची दुसरी बटालियन. त्यांतले कितीतरी तिथेच पडले, उरलेले कैदी झाले. पंजाबातल्या, संयुक्त प्रांतातल्या कितीतरी घरांत त्यानंतर पत्र आलं नाही. चीनमध्ये जपानी सैन्याने काय केलं ते तर सारं जग जाणतं. चित्रपट जपानी सैन्यातला क्रूरपणा अगदीच झाकत नाही. एका मरीन सैनिकाला गुहेत ओढून संगिनीने भोसकल्याचं दृश्य त्यात आहे. शरण आलेल्या जपानी शिपायाला अमेरिकन पहारेकरी गोळ्या घालतात, तेही आहे. पण बेटाच्या बाहेरचं तो दाखवत नाही, आणि त्याला कारण पत्रंच आहेत. घरी लिहिताना माणूस आपल्या मुलाला दुसऱ्यांच्या मुलांचं काय केलं ते लिहीत नाही. पत्रांवरून युद्ध समजून घेणाऱ्याने ही गोष्ट लक्षात ठेवलीच पाहिजे. चित्रपट आवडला म्हणून ती सोडून द्यायला मी तयार नाही.

आपल्याकडे असा चित्रपट व्हायचा तर पत्रं कुठली? पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये लढलेल्या हिंदुस्थानी शिपायांची पत्रं ब्रिटिश सेन्सॉर उघडून वाचत. बूलॉन बंदरात त्यासाठी कचेरी होती. जे मजकूर महत्त्वाचे वाटत ते इंग्रजीत उतरवून अहवालात जोडले जात. ते उतारे आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत, मूळ कागद बहुतेक नाहीसे झाले. शिपाईही हुशार. काळी मिरी संपत आली, आता लाल मिरची वापरतात, असं घरी लिहून हिंदी शिपाई किती पडले आणि आता गोरे पुढे काढताहेत हे ते सुचवायचे. सेन्सॉरला हे कळायचं, म्हणून तर ते अहवालात गेलं. त्याच फ्रान्समध्ये ऑक्टोबर १९१४ अखेर आपल्या खडकीच्या सॅपर्सच्या, म्हणजे लष्करी अभियंत्यांच्या, २० आणि २१ नंबरच्या कंपन्या नव्ह शापेल गावावरच्या हल्ल्यात होत्या आणि त्यांची फार मोठी हानी झाली. त्या माणसांनी घरी काय लिहिलं असेल? बहुतेकांना लिहिता येत नव्हतं. कंपनीतला कोणी लिहून देई, गावात मास्तर वाचून दाखवत. म्हणजे पत्राला वाटेत निदान तीन जणांचे कान लागलेले. त्यात शिपायाने मन किती उघड करायचं? आणि तरी, ते पत्र आज मिळालं तर त्यात विहीर असेल, बैल असेल, हे मी पैजेवर सांगतो.

आमच्या भागात अशी घरं आजही आहेत. साताऱ्याजवळचं अपशिंगे तर ‘मिलिटरी’ याच नावाने ओळखलं जातं. माळ्यावरच्या ट्रंकेत बिल्ले, पेन्शनचं पुस्तक आणि त्याखाली दोऱ्याने बांधलेली पत्रं असतात. माणूस गेला की ते कागद पाण्यात सोडतात किंवा बंबात घालतात. पोरांना मोडी वाचता येत नाही आणि ‘सर्व क्षेम आहे’ यापुढे त्यात काही दिसत नाही. मोडी वाचणारे अजून मिळतात. त्यांच्याकडून वाचून घ्या, मोबाईलने प्रत्येक पानाचा फोटो काढा, मागची बाजूही सोडू नका. मनिऑर्डरची कुपनं ठेवा. आणि पाकीट फेकू नका. आत ठिकाणाचं नाव नसेल, पण वरच्या शिक्क्यावर तारीख आणि फील्ड पोस्ट ऑफिसचा नंबर असतो. जुन्या नंबरांच्या याद्या टपाल-तिकिटं जमवणाऱ्यांकडे मिळतात. त्यावरून तुमच्या पणजोबांनी गळक्या पत्र्याची चौकशी नेमकी कुठल्या आघाडीवर बसून केली होती, ते काढता येतं.